कायद्याच्या लेखी माणूस : प्राप्तिकरातील सूट, वजावट आणि दिलासा

गेल्या मे महिन्यात मावशीचा फोन आला. ‘‘अरे, पैसे आले,’’ एवढेच म्हणाली आणि गप्प झाली. तिचे यजमान अनुदानित शाळेत शिक्षक होते. २०२२ च्या मार्चमध्ये ते गेले. त्यानंतर तिला मिळायचे कौटुंबिक निवृत्तिवेतन तीन वर्षे अडकून पडले. कधी एक दाखला कमी, कधी एका सहीचा प्रश्न, कधी फाइलच सापडत नाही. शेवटी सगळे मार्गी लागले आणि तीन वर्षांची थकबाकी एकदम तिच्या खात्यात जमा झाली. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तिने एवढी रक्कम पासबुकात पहिल्यांदाच पाहिली. पण तिचा पुढचा प्रश्न आनंदाचा नव्हता. ‘‘शेजारचे म्हणतात, लाखभर कर बसेल. खरं का रे?’’

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. तरी मला तिला लगेच उत्तर देता आले नाही. ते शोधायला बसलो आणि शोध तिच्या प्रश्नापुरता राहिला नाही. ओळखीपाळखीचे लोक एरवी विचारतात तेही प्रश्न त्यात आले. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही ना?’ ‘बँकेने कापलाय, मग आणखी कशाला भरायचा?’ ‘बायकोच्या नावावर ठेव केली तर?’ ‘आईच्या औषधांचा खर्च कुठे दाखवायचा?’ वरवर पाहता हे सुटे प्रश्न आहेत. पण जरा खरवडले की प्रत्येकाच्या मुळाशी तीनच प्रश्न निघतात : हा पैसा कोणाचा? तो कोणत्या वर्षाचा? आणि सवलत मिळते ती नेमकी कशावर, उत्पन्नावर की करावर?

या तीन प्रश्नांची कायद्याने दिलेली उत्तरे एकत्र वाचली, की कायद्याच्या मनातले माणसाचे चित्र दिसू लागते. नातेवाईक कोण, कुटुंब म्हणजे काय, म्हातारपण कधी सुरू होते, कोणते दुःख हिशेबात धरायचे, हे सगळे त्या चित्रात असते. ते पाहण्याची वेळही योग्य आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे २०२५-२६ हे शेवटचे वर्ष. त्याची जागा घेणारा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू.

चार शब्द, चार अर्थ

आपण बोलताना ‘सूट’ आणि ‘सवलत’ हे शब्द कुठेही वापरतो. कायद्यात मात्र चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो.

पहिली सूट. काही उत्पन्न करपात्र उत्पन्नात धरलेच जात नाही. शेतीचे उत्पन्न हे तिचे सर्वांत जुने उदाहरण. दुसरी वजावट. उत्पन्न धरले जाते, पण त्यातून ठरावीक रकमा वजा होतात. विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा ही नेहमीची उदाहरणे. तिसरी करमाफी. इथे उत्पन्न ठरते, त्यावरचा करही ठरतो आणि मग त्या करातून काही रक्कम माफ होते. कायद्याच्या कलम ८७ ए मध्ये ती आहे. चौथा दिलासा. कायद्याचे यंत्र सरळ चालवले तर एखाद्यावर अन्याय होतो, हे कायद्यालाच मान्य असते. तेथे तो दिला जातो.

वजावट आणि करमाफी यांतला फरक नुसता शब्दांचा नाही. १०,००० रुपयांची वजावट ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा ३,००० रुपये कर वाचवते. पाच टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ५०० रुपयेच वाचतात. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याला तिचा काडीचाही उपयोग नाही. म्हणजे वजावट वरच्या पायरीवरच्याला जास्त देते. करमाफीचे उलट आहे. ती ठरावीक उत्पन्नापर्यंतच मिळते आणि त्यापुढे संपते.

आता बारा लाखांचा प्रश्न पाहू. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, असे ते टप्पे चढत जातात आणि २४ लाखांपुढे ३० टक्क्यांवर थांबतात. १२ लाखांवर या टप्प्यांनी ६०,००० रुपये कर येतो. तेवढाच कर कलम ८७ ए खाली माफ होतो. म्हणून १२ लाखांना कर शून्य. पगारदाराला किंवा स्वतःचे निवृत्तिवेतन घेणाऱ्याला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. त्याच्यासाठी हा आकडा १२ लाख ७५ हजार होतो.

पण १२ लाख ही सुटीची मर्यादा नव्हे; ती माफीची मर्यादा आहे. वजावटीनंतर ज्याचे उत्पन्न १३ लाख उरते त्याला वरच्या एका लाखावरच कर बसतो असे नाही. माफी गेली की चार लाखांपासूनचा सगळा हिशेब पुन्हा उभा राहतो : ७५,००० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ७८,०००. मग १२ लाख १० हजार मिळवणाऱ्याने दहा हजार जास्त मिळवले म्हणून साठ हजारांहून अधिक भरायचे का? नाही. तिथे सीमांत दिलासा आहे. कर ६१,५०० येत असला तरी वाढीव उत्पन्नाइतकाच, म्हणजे १०,००० रुपये आणि उपकर, एवढाच घेतला जातो. उत्पन्न साधारण १२ लाख ७० हजारांच्या वर गेले की हा दिलासा संपतो.

आणखी एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. ही माफी नेहमीच्या टप्प्यांनी येणाऱ्या करासाठी आहे. शेअर विकून झालेल्या नफ्यावर वेगळ्या, खास दराने कर लागतो आणि नव्या प्रणालीत त्या कराला ही माफी लागू नाही. ‘माझे एकूण उत्पन्न नऊ लाखच आहे’ असे म्हणणाऱ्या गुंतवणूकदारालाही म्हणून कर भरावा लागू शकतो.

कापला म्हणजे भरला?

मावशीचा दुसरा प्रश्न असा होता : ‘‘बँकेने काही कापलेलं नाही. म्हणजे कर नसेलच ना?’’ तिच्या वाड्यातल्या एका निवृत्त गृहस्थांची तक्रार अगदी उलटी होती. ठेवीच्या व्याजावर बँकेने १० टक्के कापले, मग खात्याने पुन्हा पत्र का पाठवावे?

दोघांचीही समजूत एकच. टीडीएस म्हणजे कर. वास्तविक ती कराची आगाऊ उचल आहे. कर ठरतो तो वर्षाच्या एकूण उत्पन्नावर. कापलेली रक्कम त्यात जमा धरली जाते. कमी कापली असेल तर उरलेला कर भरायचा. जास्त कापली असेल तर परतावा मागायचा. परतावा मागायचा म्हणजे विवरणपत्र भरायलाच हवे. ते न भरणाऱ्याला तो मिळत नाही. ज्येष्ठ नागरिकाच्या ठेवींवरील व्याज एका बँकेत वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर १ एप्रिल २०२५ पासून बँक कर कापत नाही. पण ‘कापत नाही’ म्हणजे ‘लागत नाही’ असे नव्हे.

कौटुंबिक निवृत्तिवेतनाची गंमत इथेच आहे. नोकरी करणाऱ्याचे स्वतःचे निवृत्तिवेतन कायदा पगार मानतो, म्हणून बँक त्यातून कर कापते. तो गेल्यावर तेच निवृत्तिवेतन पत्नीला मिळू लागले की ते ‘पगार’ राहत नाही. ‘इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न’ होते. ज्याने नोकरी केली तोच नाही, तर पगार कसला, असा कायद्याचा विचार. म्हणून त्यातून पगारासारखा कर कापला जात नाही आणि ७५,००० ची प्रमाणित वजावटही मिळत नाही. तिच्याऐवजी नव्या प्रणालीत रकमेचा एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांतली कमी असेल तेवढी वजावट मिळते. घरातले माणूस गेले की वजावटही दोन तृतीयांशाने आटते, असा त्याचा अर्थ होतो.

कायद्याचे नाते

त्या तीन वर्षांत मावशीचे घर कशावर चालले? थोडेसे ठेवीचे व्याज होते. मामा भाऊबीजेला पाकीट द्यायचा. त्यात ओवाळणीच्या नावाखाली वर्षभराची बेगमी असायची. मी तिचा भाचा. दरमहा सहा हजार रुपये पाठवत असे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम मोबदल्याशिवाय मिळाली, तर ती सगळीच्या सगळी घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. याला दोन मोठे अपवाद. लग्नात मिळालेली भेट आणि नातेवाइकाकडून मिळालेली भेट. ओवाळणीची चिंता म्हणूनच नको. भाऊ हा नातेवाईक आहे आणि त्याने कितीही दिले तरी ते बहिणीचे उत्पन्न होत नाही. दिवाळीला कार्यालयाकडून मिळालेली वस्तुरूप भेट वर्षाला पाच हजारांच्या आत असेल तर तिच्यावरही कर नाही. रोख मिळाली तर मात्र तो पगारच.

पण नातेवाईक म्हणजे कोण? कायद्याने यादी दिली आहे. नवरा-बायको, भाऊ-बहीण, जोडीदाराचे भाऊ-बहीण, आईवडिलांचे भाऊ-बहीण, सरळ रेषेतले पूर्वज आणि वंशज, जोडीदाराचे पूर्वज आणि वंशज, आणि या सगळ्यांचे जोडीदार. यादी भली मोठी वाटते. मात्र ती घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते आणि तिथे मेख आहे. मावशी ही माझ्या आईची बहीण. म्हणून ती माझी नातेवाईक. तिने मला दिलेल्या पैशावर कर नाही. पण मी तिच्या बहिणीचा मुलगा. तिच्या बाजूने यादी वाचली तर भाऊ-बहीण आहेत, त्यांचे जोडीदार आहेत, त्यांची मुले नाहीत. म्हणजे ती माझी नातेवाईक, पण मी तिचा नाही. चुलत, मामे, आते भावंडे तर कोणत्याच बाजूने यादीत नाहीत. दरमहा सहा हजार म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये. पन्नास हजारांची मर्यादा ओलांडली, म्हणून ते सगळे तिचे उत्पन्न. तेच पैसे माझ्या आईने स्वतःच्या कमाईतून पाठवले असते, तर बहिणीने बहिणीला दिले म्हणून त्यातला एक रुपयाही मोजला गेला नसता.

पती-पत्नींच्या बाबतीत कायदा याहून सावध आहे. नवऱ्याने बायकोला कितीही रक्कम द्यावी, त्या भेटीवर कर नाही. पण त्या पैशाची ठेव केली, तर तिचे व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. बायकोने नवऱ्याला दिले तरी नियम तोच. अल्पवयीन मुलाच्या नावावरच्या ठेवीचे व्याजही आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्याकडे जाते. मुलाने स्वतःच्या कलेने किंवा कौशल्याने मिळवलेले पैसे मात्र त्याचेच. सज्ञान मुलगा-मुलगी किंवा आईवडील यांना दिलेल्या पैशाला हा नियम लागत नाही. ‘बायकोच्या नावावर ठेव केली तर?’ या प्रश्नाचे उत्तर असे आहे : करा, पण कर वाचेल म्हणून करू नका.

याच देशात, सावंतवाडीहून दीड-दोन तासांच्या अंतरावर, वेगळा हिशेब आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पती-पत्नींच्या समाईक मालमत्तेची पद्धत आहे. ती ज्या जोडप्यांना लागू आहे, त्यांच्यासाठी प्राप्तिकर कायद्यात कलम ५ ए आहे. पगार ज्याचा त्याचा; पण घरभाडे, व्याज, धंद्याचा नफा असे बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटून धरले जाते. सावंतवाडीतल्या नवऱ्याने भाड्याचे घर बायकोला बक्षीस दिले तरी भाडे त्याचेच मानले जाईल. पणजीतल्या नवऱ्याने काहीही न देता निम्मे भाडे बायकोचे असते. एकच कायदा एका ठिकाणी बायकोला नवऱ्याची पळवाट समजतो आणि दुसऱ्या ठिकाणी निम्म्याची भागीदार.

चित्र कसे रंगत गेले

हे चित्र एका दिवसात तयार झालेले नाही. १८५७ च्या उठावाने रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचे ते संस्थापक. वर्षाला २०० रुपयांहून कमी उत्पन्न असणाऱ्याला त्यांनी वगळले. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला आणि त्यापायी त्यांना परत बोलावले गेले. विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारले. त्यांचा कायदा पाच वर्षांपुरता होता आणि १८६५ मध्ये तो संपला. त्या कराला माणूस दिसत नव्हता. त्याला फक्त रक्कम दिसत होती.

माणूस दिसू लागला तो १८८६ च्या कायद्यात. शेतीचे उत्पन्न वगळले गेले. एकत्र हिंदू कुटुंबाला वेगळी ओळख मिळाली. आयुर्विम्याचा हप्ता उत्पन्नाच्या एक षष्ठांशापर्यंत वजा करता येऊ लागला. दर मार्चमध्ये विमा एजंट दारात उभा राहतो, ती परंपरा जवळपास एकशे चाळीस वर्षांची आहे. माणसाने आपल्या मागे राहणाऱ्यांची सोय केली तर सरकारने त्याला थोडे सोडावे, हा विचार तेव्हाचा.

स्वातंत्र्यानंतर चित्रात घर आले. १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात चिंतामणराव देशमुख यांनी विवाहितांसाठी करमुक्त मर्यादा १,५०० वरून २,००० रुपये केली आणि अविवाहितांसाठी ती १,००० वर आणली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेल्या देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते या गावचा. नाते पाहून कर ठरवण्याची कल्पना त्यांच्या हातून यावी, हा योगायोग. पुढे काही वर्षे मुलांच्या संख्येनुसारही ही मर्यादा बदलत असे. नंतर ते सारे गेले. स्त्रियांसाठी वेगळी मर्यादा मात्र बरीच टिकली. २०११-१२ मध्ये पुरुषांना १ लाख ८० हजार, तर स्त्रियांना १ लाख ९० हजार रुपयांपर्यंत कर नव्हता. पुढच्या वर्षी दोन्ही मर्यादा दोन लाखांवर एक झाल्या. आता जुन्या प्रणालीत वेगळी ओळख उरली आहे ती वयाची : साठीनंतर तीन लाख, ऐंशीनंतर पाच लाख.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता. एवढ्या चढ्या दरांच्या काळात सवलतींचे मोल मोठे होते, आणि पुढेही त्यांच्यात भर पडतच राहिली. कलम ८० च्या पुढे मुळाक्षरे लागत गेली. ८० सी मध्ये बचत, ८० डी मध्ये आरोग्य विमा, ८० डीडी मध्ये दिव्यांग अवलंबित, ८० डीडीबी मध्ये दुर्धर आजार, ८० ई मध्ये शिक्षणाचे कर्ज, ८० जी मध्ये दान, ८० जीजी मध्ये घरभाडे, ८० यू मध्ये स्वतःचे अपंगत्व. ही यादी ओळीने वाचली की एका मध्यमवर्गीय घराची अर्धी हकिगत कळते.

वर्षाचा प्रश्न

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ. कायदा वर्षावर्षाने मोजतो. पैसा ज्या वर्षी हाती आला त्या वर्षाचा. तिला महिना ३०,००० रुपयांप्रमाणे तीन वर्षांची १० लाख ८० हजार थकबाकी मिळाली. या वर्षाचे नियमित निवृत्तिवेतन ३ लाख ६० हजार आणि व्याज ६०,०००. बेरीज १५ लाख. त्यातून २५,००० ची वजावट गेली की उरतात १४ लाख ७५ हजार. नव्या प्रणालीने त्यावर १,०१,२५० रुपये कर आणि ४,०५० रुपये उपकर, एकूण १,०५,३०० रुपये. म्हणजे शेजारच्यांचे ‘लाखभर’ चुकीचे नव्हते.

पण हे पैसे वेळच्या वेळी मिळाले असते तर? त्या तीन वर्षांतल्या कोणत्याही वर्षी तिचे उत्पन्न ३ लाख ६० हजार निवृत्तिवेतन, ६०,००० व्याज आणि माझे ७२,००० एवढेच झाले असते. वजावटीनंतर ते पाच लाखांच्या आत राहते आणि त्या तिन्ही वर्षांत तेवढ्या उत्पन्नावरचा कर माफ होता. म्हणजे कर शून्य. लाखाचा कर आला तो तिची मिळकत वाढली म्हणून नव्हे. दुसऱ्याने उशीर केला म्हणून आला.

या अन्यायासाठी कायद्यात कलम ८९ आहे. पगाराच्या किंवा कौटुंबिक निवृत्तिवेतनाच्या थकबाकीवर ते दिलासा देते. रीत सरळ आहे. यंदाचा कर थकबाकीसह काढायचा आणि थकबाकीशिवाय काढायचा. दोहोंतला फरक हा पहिला आकडा. मग थकबाकी ज्या ज्या वर्षांची, त्या वर्षांच्या उत्पन्नात ती मिळवून त्या त्या वर्षीचा कर किती वाढला असता ते काढायचे. त्यांची बेरीज हा दुसरा आकडा. पहिला दुसऱ्यापेक्षा जेवढा मोठा, तेवढा दिलासा. मावशीचा पहिला आकडा १,०५,३००, दुसरा शून्य. म्हणजे सगळाच्या सगळा कर जातो.

अट एकच, आणि बरेच जण तिथेच अडतात. विवरणपत्र भरण्याआधी ‘१० ई’ नावाचा नमुना प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. तो न भरता विवरणपत्रात नुसता दिलासा मागितला, तर मागणी नाकारली जाते आणि कराची नोटीस येते. थकबाकी कोणत्या वर्षाची किती, याचा तक्ता देणाऱ्या कार्यालयाकडून मागून घ्यावा. तो नसेल तर हिशेब मांडता येत नाही. साठी ओलांडलेल्या आणि धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला आगाऊ कर भरावा लागत नाही, म्हणून मावशीला पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रापर्यंत घाई नाही.

चित्र पुसले जाते तेव्हा

२०२० मध्ये नवी प्रणाली आली. २०२३-२४ पासून तीच मूळ ठरली. जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. नवीत दर कमी आहेत आणि ८० च्या मुळाक्षरांपैकी जवळजवळ सगळी गाळली आहेत. ‘मग कोणती घेऊ?’ हा आजचा सर्वांत मोठा प्रश्न.

एक घर घेऊ. पगार वर्षाला १५ लाख. घराच्या कर्जाचे व्याज दोन लाख, ८० सी ची दीड लाखाची बचत, स्वतःचा आरोग्य विमा २५,००० आणि ज्येष्ठ आईवडिलांचा ५०,०००. मुलाला ८० टक्क्यांहून अधिक अपंगत्व आहे. त्यासाठी ८० डीडी खाली सव्वा लाख. ५०,००० ची प्रमाणित वजावट धरून जुन्या प्रणालीत सहा लाख वजा होतात, कर येतो ९६,२०० रुपये. नव्या प्रणालीत यांतले काहीच चालत नाही, फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट, कर ९७,५००. एवढ्या सगळ्या जबाबदाऱ्या मांडूनही जुनीत फायदा १,३०० रुपयांचा. पगार १२ लाख ७५ हजार असता तर नवीत शून्य आणि जुनीत ४९,४०० रुपये भरावे लागले असते. तेव्हा बहुतेकांसाठी व्यवहाराचे उत्तर नव्या प्रणालीच्या बाजूने आहे. धंदा नसलेल्या पगारदाराला दर वर्षी निवड बदलता येते; दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.

आता शेजारचे दुसरे घर घेऊ. पगार तितकाच. कर्ज नाही, आजारी कोणी नाही, बचतही दाखवण्याजोगी नाही. जुन्या प्रणालीत त्याने २,५७,४०० रुपये भरले असते. दोन घरांतला फरक १,६१,२०० रुपयांचा. त्यातला बराचसा भाग कर्जाचा आणि बचतीचा होता. मुलाच्या अपंगत्वाची दखल होती २८,६०० रुपयांची. नव्या प्रणालीत दोन्ही घरे ९७,५०० रुपयेच भरतात. फरक शून्य.

दोन्ही घरांचा कर कमी झाला किंवा वाढला नाही, हे खरे. पण ऐपतीप्रमाणे कर घ्यावा हे जुने तत्त्व आहे आणि ऐपत नुसत्या पगारावर ठरत नाही. ज्या घरात मुलाला रोज उचलून आंघोळ घालावी लागते, त्या घराचे पंधरा लाख आणि शेजारच्या घराचे पंधरा लाख सारखे नसतात. जुना कायदा हे अडखळत, पावत्या मागत का होईना, मान्य करत होता. नवी प्रणाली म्हणते : मी दर कमी केले आहेत, घरातले मला सांगू नका.

या म्हणण्यात तथ्य आहे. वजावटींचे लाभ मुख्यतः कर भरणाऱ्यांना, त्यातही वरच्या टप्प्यातल्यांना मिळत. दिव्यांग मूल असलेल्या शेतमजुराला ८० डीडी ने कधी एक रुपया दिला नाही. घरभाड्याच्या खोट्या पावत्या आणि गरज नसताना घेतलेले विमे हेही याच चित्राचे भाग होते. पण मग कराच्या कायद्याने काढून घेतलेली दखल दुसऱ्या कोणी तरी घ्यायला हवी. दिव्यांगांच्या घरांना थेट आणि पुरेसे साहाय्य मिळाले, तर करात सवलत नसल्याचे दुःख नाही. ते मिळत नसेल, तर सोपेपणाची किंमत त्याच घरांनी मोजली असे होते.

नवा कायदा भाषेने सुटसुटीत आहे. कलमे ५३६ आहेत. एका वर्षी मिळवायचे आणि पुढच्या ‘करनिर्धारण वर्षात’ मोजायचे, या दोन वर्षांच्या घोळाऐवजी एकच ‘करवर्ष’ आले आहे. चलनावर चुकीचे वर्ष टाकणाऱ्या हजारोंसाठी ही मोठी सोय. ८० सी चे कलम १२३ झाले आहे. जुनी प्रणाली, तिच्या वजावटी आणि थकबाकीवरचा दिलासा नव्या कायद्यातही आहेत. मूळ मात्र आता नवी प्रणाली आहे, आणि मूळ जे असते तेच हळूहळू एकमेव होते, असा आपला अनुभव आहे.

मावशीला मी सगळा हिशेब कागदावर लिहून दिला. तिने तो दोनदा वाचला. लाखभर कर लागणार नाही, हे कळल्यावरही ती माझ्या ७२,००० च्या ओळीवर थांबली. ‘‘म्हणजे कायद्याने तू माझा कोणी नाहीस?’’ मी म्हटले, ‘‘नाही. पण तू माझी आहेस. मला काही दिलंस तर त्यावर कर नाही.’’ ती हसली. मग चष्मा पुसून तिने डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिले : ‘विवरणपत्राआधी १० ई.’ खाली दोन रेघा मारल्या आणि वर्षांचा तक्ता मागायचा अर्ज लिहायला घेतला.